वर्षभराचा मसाला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

फाल्गुन सरत आला की नवी मिरची, नवे धने, नवे जिरे आणि नवी हळद साधारण एकाच सुमारास बाजारात उतरतात, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही मसाल्याशिवाय दुसरा विषय उरत नाही. यंदाच्या बहुतेक पत्रांत दोनच तक्रारी आहेत. केलेला मसाला पावसाळ्यापलीकडे टिकत नाही ही पहिली, आणि मसाला चांगला झाला तरी त्याचा स्वाद आमटी-रश्श्यात उतरत नाही ही दुसरी. एकसारख्या पत्रांतून एकेक पत्र निवडले आहे. पत्रलेखकांची नावे न देता फक्त गाव दिले आहे.

प्रश्न (पुणे) : आम्ही दरवर्षी वैशाखात वर्षभर पुरेल इतका गोडा मसाला करतो. गेली दोन वर्षे श्रावण लागला की त्याला खवट, काहीसा साबणासारखा वास येऊ लागतो. बरणी काचेची आहे, झाकण घट्ट आहे आणि चमचा कायम कोरडा असतो. मग बिघडते कुठे?

तुम्ही वासाचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. साबणासारखा वास आला की संशय प्रथम खोबऱ्यावर घ्यावा. खोबऱ्यातील तेल नुसत्या हवेने सहसा लवकर बिघडत नाही; त्या बाबतीत ते शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलापेक्षा बरेच सोशिक आहे. मात्र त्याला ओलावा मिळाला की त्या तेलाचे विघटन होऊन आम्ले सुटी होतात आणि तोच हा साबणासारखा वास असतो. म्हणजे तुमच्या बरणीत ओलावा शिरला आहे, आणि चमचा कोरडा असल्याने तो बाहेरून न येता मसाल्याबरोबरच आत गेला असावा.

तो दोन वाटांनी जातो. पहिली वाट कच्च्या भाजणीची. किसलेले खोबरे मोठ्या आचेवर परतले की वरून चटकन बदामी दिसते आणि आत मऊच राहते. ते मंद आचेवर, एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त न घेता, सतत हलवत भाजावे आणि गार झाल्यावर चिमटीत चुरून पाहावे. ते कोरड्या पाचोळ्यासारखे चुरले तर झाले, बोटांना चिकटले तर पुन्हा कढईत घालावे. धने भाजल्यावर एक दाणा दाताखाली धरावा. तो कट्‌ आवाज करून फुटला पाहिजे. दगडफुलाची गोष्ट थोडी निराळी आहे. ती खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारी बुरशी व शैवाल यांची जोडवनस्पती आहे, त्यामुळे तिच्यात माती, खडे आणि सालींचे तुकडे असतातच. ते निवडून काढून दगडफूल अगदी शेवटी, आच बंद करून, तापलेल्या कढईतच परतावे. तळहातावर चोळताच त्याचे पीठ झाले पाहिजे.

दुसरी वाट घाईची. भाजलेले जिन्नस कोमट असतानाच दळले, किंवा दळून आलेला गरम मसाला तसाच बरणीत भरला, की आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि पुन्हा मसाल्यातच उतरते. दळण्याआधी एकदा आणि दळल्यानंतर एकदा असा दोनदा मसाला परातीत पसरून पूर्ण गार करावा. अनेक घरांत दुसऱ्या वेळी कंटाळा केला जातो, आणि नेमकी तीच वेळ महत्त्वाची असते, कारण दळताना मसाला चांगलाच तापतो.

आता थोडे मनापासून सांगते. ज्या गोड्या मसाल्यात अर्धा किलो धन्यांना सव्वाशे ग्रॅम खोबरे आणि शंभर ग्रॅम तीळ पडतात, त्यात जवळजवळ चौथा हिस्सा तेलकट जिनसांचा असतो. असा मसाला वर्षभरासाठी एकदम करून ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. एकत्र कुटुंबात तो चार महिन्यांत संपत असे. आज तिघाचौघांच्या घरात तो दिवाळीपर्यंत पडून राहतो. त्यापेक्षा कोरडा भाग वर्षाचा करावा आणि खोबरे-तीळ दोन-अडीच महिन्यांनी लागेल तितके भाजून, कुटून त्यात मिसळावेत. कोकणातला मालवणी मसाला वर्षभर टिकतो याचे एक कारण हेच आहे की त्यात मिरची, धने आणि गरम मसाल्याचे जिन्नस असतात, पण खोबरे सहसा नसते. ते रोज ओल्या नारळाच्या वाटणातून स्वयंपाकात येते.

कोरड्या भागाचे माझे प्रमाण असे आहे : धने अर्धा किलो, जिरे 100 ग्रॅम, शहाजिरे 15 ग्रॅम, दगडफूल 20 ग्रॅम, दालचिनी 15 ग्रॅम, मिरे 15 ग्रॅम, लवंग 10 ग्रॅम, तमालपत्र 10 ग्रॅम, नागकेशर 10 ग्रॅम, मसाला वेलची 10 ग्रॅम, चक्रीफूल 5 ग्रॅम, हळकुंड 20 ग्रॅम, खडा हिंग 15 ग्रॅम आणि रंगापुरत्या सात-आठ ब्याडगी मिरच्या. हिंग आणि हळकुंडाचे तुकडे तेवढे चमचाभर तेलात तळावेत, बाकी सर्व कोरडेच भाजावे. प्रत्येक जिन्नस तेलात परतण्याची चाल अनेक घरांत आहे आणि त्याने वास खुलतो हे खरे, पण तेच तेल पुढे मसाल्याला खवट करते. मिसळण्याचे प्रमाण सोपे आहे : कोरडा मसाला तीन वाट्या असेल तर भाजून कुटलेले खोबरे-तीळ मिळून एक वाटी.

प्रश्न (लातूर) : माझे माहेर पुण्याचे. पाककृतीत ‘काळा मसाला दोन चमचे’ असे लिहिलेले असते. माहेरचा काळा मसाला घातला तर पदार्थ सौम्य होतो, सासरचा घातला तर जाळ होतो. यातला कोणता धरायचा?

पाककृती लिहिणाऱ्याचे गाव पाहावे आणि ते कळत नसेल तर सोबतचे जिन्नस पाहावेत. चिंच-गूळ, दाण्याचे कूट, ओले खोबरे असा सरंजाम असेल तर तेथे गोडा मसाला अभिप्रेत आहे. पुण्याकडच्या अनेक घरांत त्यालाच काळा मसाला म्हणतात. त्यात मिरची नावापुरती असते आणि तिखटाची पूड वेगळी घातली जाते. मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे काळा मसाला म्हणजे खोबरे जवळजवळ काळे होईपर्यंत भाजून, पुष्कळदा कांदाही भाजून, भरपूर मिरचीसह कुटलेला मसाला. पाककृतीत गूळ नसेल आणि वेगळे तिखटही सांगितले नसेल, तर हा दुसरा मसाला समजावा.

एकाच्या जागी दुसरा घालायचाच असेल तर सासरचा मसाला निम्मा घेऊन वेगळे तिखट अजिबात घालू नये. उलट दिशेने मात्र हा बदल नीट होत नाही. गोड्या मसाल्यात तिखट वाढवले तरी काळ्या भाजणीची ती खमंग, किंचित कडसर चव येत नाही. भरल्या वांग्यांना दोन्ही चालतात. वरणफळांना आणि आमटीला मी गोडाच घालीन.

प्रश्न (कोल्हापूर) : कांदा-लसूण मसाल्यासाठी मिरच्या कोणत्या आणि किती घ्याव्यात? दुकानदार दरवर्षी वेगळेच मिश्रण सुचवतात. मागच्या वर्षी रंग आला पण तिखटपणा आला नाही, त्याआधी बरोबर उलटे झाले.

रंग आणि तिखटपणा या मिरचीतल्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि एकच मिरची दोन्ही भरपूर देईल अशी अपेक्षा ठेवली की गोंधळ होतो. ब्याडगी रंगाची मिरची आहे. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीवरून तिला नाव पडले आणि 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातही दोन प्रकार येतात. ‘डब्बी’ आखूड, फुगीर, बियांना जास्त आणि रंगाला गडद असते; ‘कड्डी’ लांब, सडपातळ आणि थोडी तिखट असते. संकेश्वरी तुमच्या जवळचीच. गडहिंग्लजच्या बाजारात ती चांगली मिळते आणि तिच्यात तिखटपणा व स्वाद दोन्ही मध्यम असतात. लवंगी निव्वळ तिखटासाठी असते. घरातल्या मध्यम तिखट खाणाऱ्यांसाठी किलोमागे अर्धा किलो ब्याडगी, चारशे ग्रॅम संकेश्वरी आणि शंभर ग्रॅम लवंगी असे घ्यावे. दरवर्षी याच प्रमाणावरून सुरुवात करावी आणि बदल करायचा तो लवंगीतच करावा, म्हणजे रंग हलत नाही.

तिखटपणा बियांत असतो हा समज इतका रुजला आहे की त्यावर दोन वाक्ये खर्च करणे भाग आहे. मिरचीचा जाळ मुख्यतः बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत असतो. बिया झटकून टाकल्याने तिखटपणा फारसा उतरत नाही. मात्र बियांमुळे पूड फिकी होते, म्हणून ब्याडगीच्या सुट्या झालेल्या बिया चाळून काढाव्यात आणि लवंगीच्या राहू द्याव्यात.

मिरची घेताना देठ पाहावा. नव्या मिरचीचा देठ हिरवट-पिवळा असतो आणि साल चमकदार असते. शीतगृहात वर्ष काढलेली मिरची विटकरी दिसते आणि तिच्या बिया तपकिरी झालेल्या असतात. बोटाला तेलकटपणा लागला तर ती मिरची चकाकीसाठी तेल लावलेली आहे, घेऊ नये. मुठीत दाबल्यावर लवचीकपणे दबली आणि पुन्हा फुलली तर तिच्यात अजून ओल आहे. ती कडक उन्हात, वर पातळ सुती फडके टाकून, दोन दिवस वाळवावी. हलवल्यावर बिया आत खुळखुळू लागल्या की देठ काढून लगेच कुटायला द्यावी. आठ-आठ दिवस गच्चीवर ठेवल्याने मिरची अधिक वाळत नाही, तिचा रंग मात्र उडतो.

राहिला प्रश्न कांद्या-लसणीचा. किलोभर मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुके खोबरे, पाव किलो धने, शंभर ग्रॅम तीळ, पन्नास ग्रॅम जिरे आणि पाव किलो खडे मीठ हे प्रमाण तुमच्या भागात नवे नाही. कांदा उभा, पातळ चिरून उन्हात वाळवावा आणि मगच थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळावा. ओला कांदा थेट तळला की कडा करपतात आणि मध्ये पाणी राहते. लसूण पुष्कळ घरांत कच्चीच कुटून घालतात. चवीला ती उत्तम लागते, परंतु तो मसाला बरणीत बाहेर ठेवून वर्षभर वापरू नये. कच्ची लसूण तेलाखाली, हवेवाचून राहिली तर तिच्यात घातक विष तयार करणारे जंतू वाढू शकतात आणि त्यांचा वास वा चव कळत नाही. कच्ची लसूण घालायची असेल तर त्या भागाचा मसाला शीतकपाटात ठेवून महिन्या-दोन महिन्यांत संपवावा. बाकीच्या मसाल्यात लसूण वाळवून, तळून घालावी.

प्रश्न (ठाणे) : सोसायटीत मिरची कुटणे शक्य नाही. डंक, पिठाची गिरणी आणि घरचा मिक्सर यांत खरोखर फरक पडतो का, की ती नुसती जुन्या लोकांची समजूत आहे?

फरक पडतो, आणि त्याचे कारण उष्णता आहे. मसाल्याचा वास ज्या तेलांत असतो ती सहज उडून जाणारी असतात. पिठाच्या गिरणीत दोन दगडांमध्ये मसाला घासला जातो आणि हाताला चटका बसेल इतका तापून बाहेर पडतो. दारात उभे राहिल्यावर जो सुंदर वास येतो, तो तुमच्या डब्यातून कायमचा गेलेला वास असतो. डंकात लोखंडी मुसळे आळीपाळीने उखळीत पडतात, मसाला खालीवर होत राहतो आणि त्या मानाने कमी तापतो. मोठ्या कारखान्यांत काही ठिकाणी मसाला दळताना द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवतात, तेही याच कारणासाठी.

तुमच्यापासून लालबागची मिरची गल्ली फार दूर नाही. तेथे मिरची निवडण्यापासून भाजून कुटून मिळण्यापर्यंत सर्व एकाच रस्त्यावर होते. जायचे तर सकाळी लवकर जावे, म्हणजे रांगेत उभे राहून कुटण्यावर लक्ष ठेवता येते. आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उखळीत राहिलेला असतो, म्हणून आपली मूठभर मिरची आधी कुटून ती बाजूला काढायला सांगावी. हळकुंड आणि मिरची प्रथम, मग धने-जिरे, त्यानंतर गरम मसाल्याचे जिन्नस आणि सर्वांत शेवटी खोबरे-तीळ असा क्रम लावून द्यावा. खोबरे आधी पडले तर मसाल्याचे गोळे होतात आणि चाळणीतून काही पडत नाही.

मिक्सरवर करायचा असेल तर एका वेळी अर्धे भांडेच भरावे, दहा-पंधरा सेकंद फिरवून थांबावे आणि भांड्याला हात लावून पाहावा. भांडे गरम लागले तर गार होईपर्यंत दुसऱ्या भांड्यात काम चालू ठेवावे. दोनशे-तीनशे ग्रॅमपर्यंत मिक्सरचा मसाला डंकाच्या तोडीस तोड होतो, हे जुन्या लोकांना आवडले नाही तरी खरे आहे.

प्रश्न (रत्नागिरी) : मुलगी दुबईला असते. तिला दरवर्षी घरचा मसाला पाठवतो. यंदा कोणीतरी सांगितले की खसखस असेल तर पाठवू नका. यात तथ्य आहे का?

पूर्ण तथ्य आहे आणि ते गांभीर्याने घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातले बी आहे. ती भाजलेली किंवा मसाल्यात दळलेली असली तरी सुटका होत नाही आणि त्यापायी प्रवाशांवर अटकेची वेळ आलेली आहे. सिंगापूरला जाणाऱ्यांनीही ती सोबत नेऊ नये. मालवणी मसाल्यात आणि गोव्याच्या शागुतीत खसखस सहसा असते, तेव्हा मुलीसाठी वेगळा घाणा काढावा. घरच्या मसाल्यातूनच थोडा बाजूला काढून देणे योग्य नाही. खसखशीमुळे रश्श्याला येणारा दाटपणा तिला तेथे वाटण करताना काजू किंवा मगज (खरबुजाच्या बियांचा गर) घालून आणता येईल. खसखस मुळातच तेलकट असल्याने साठ्याच्या मसाल्यापेक्षा ताज्या वाटणातच ती अधिक शोभते, असेही माझे मत आहे.

प्रश्न (नाशिक) : पावसाळ्यात ठेवणीच्या मिरच्यांवर काही ठिकाणी पांढरट-हिरवी बुरशी दिसली. पुसून, ऊन देऊन, भाजून वापरल्या तर चालतील का? धन्यांतही बारीक तपकिरी किडे झाले आहेत.

मिरच्या फेकून द्याव्यात. ओलसर मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरश्या यकृताला अपायकारक असे विष तयार करतात. ते विष भाजण्याने किंवा शिजवण्याने नष्ट होत नाही आणि बुरशी पुसली तरी आत उरते. ज्या पिशवीत चार मिरच्यांना बुरशी दिसते त्या पिशवीतल्या उरलेल्याही शंकास्पद समजाव्यात. मिरचीचा भाव पाहता हे सांगणे जिवावर येते, पण यात तडजोड नाही.

धन्यांतल्या किडींचे तसे नाही, ती घाण आहे, विष नाही. फार पोखरले असतील तर टाकावेत, सुरुवातच असेल तर चाळून, निवडून, चांगले भाजून लगेच वापरावेत. पुढच्या वर्षी आणलेले धने, सुंठ आणि हळकुंडे घट्ट पिशवीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात चार-पाच दिवस ठेवावीत म्हणजे आतली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर धन्यांवर पाणी धरते. डब्यात तमालपत्र किंवा हिंगाचा खडा टाकण्याची रीत आहे; वासामुळे थोडी कीड दूर राहत असेल, पण आधीच आत असलेली कीड त्याने मरत नाही.

साठवणीबद्दल वसई-वांद्र्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा ‘बाटली मसाला’ पाहण्यासारखा आहे. अनेक जिनसांचा हा मसाला ते बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत दांडीने ठासून भरत आले आहेत. गडद काचेमुळे उजेड आत जात नाही आणि ठासल्यामुळे हवा उरत नाही. पारदर्शक बरणीत, खिडकीजवळच्या फळीवर मांडलेला लालभडक मसाला दिसायला देखणा असतो, पण त्याचा रंग सर्वांत आधी उतरतो. मोठ्या बरणीऐवजी चार लहान बरण्या काठोकाठ दाबून भराव्यात आणि एक संपल्यावरच दुसरी उघडावी.

प्रश्न (नागपूर) : मसाला ताजा आहे, वास उत्तम आहे, तरी भाजीत उतरत नाही. कधी कडवट लागतो, कधी कच्चा. मसाला नेमका केव्हा घालावा?

या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण प्रत्येक मसाल्याची वेळ वेगळी आहे. तुमच्या पत्रातून असे दिसते की तुम्ही सर्व मसाले फोडणीतच घालता.

गोडा मसाला पूर्ण भाजलेला असतो, त्याला पुन्हा भाजण्याची गरज नसते. कडकडीत तेलात पडला की त्यातले जिरे, दगडफूल आणि खोबरे करपून कडवटपणा येतो. आमटीत तो चिंच-गुळाबरोबर, डाळ उकळू लागल्यावर घालावा आणि त्यानंतर पाच-सात मिनिटेच उकळावे. मसालेभातात तो तांदूळ परतताना घालतात तेव्हा भाज्यांचे पाणी सुटलेले असते, म्हणून तेथे करपत नाही. भरल्या वांग्यांत तो सारणातच असतो आणि वांग्याच्या आत सुरक्षित राहतो.

तिखट आणि कांदा-लसूण मसाला यांचे उलटे आहे. मिरचीचा रंग आणि जाळ दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाही; त्यामुळे तेलाची भेट झाल्याशिवाय त्यांचा कट किंवा तर्री सुटत नाही आणि रस्सा कच्चा लागतो. परंतु मिरचीत साखरही असते आणि ती काही क्षणांत जळते. यावर साधा उपाय असा : फोडणी झाल्यावर आच अगदी मंद करावी, तिखट किंवा मसाला घालून लगेच दोन चमचे पाणी शिंपडावे आणि कडांना तेल सुटेपर्यंत परतावे. पाणी आहे तोवर तापमान फार चढत नाही आणि पाणी उडेपर्यंत रंग तेलात उतरलेला असतो. मटकीच्या उसळीला हे करून पाहावे. मसाल्याचे प्रमाण न वाढवता तर्री दुप्पट दिसू लागेल. हळदीलाही असेच तेल लागते, म्हणून वरणात वरून टाकलेली हळद आणि फोडणीत घातलेली हळद यांच्या चवीत अंतर असते.

धान्य-डाळ घातलेल्या मिश्रणांची तिसरीच तऱ्हा आहे. मराठवाड्यातले आणि बार्शीकडचे येसर किंवा पाठारे प्रभूंचा गहू-हरभऱ्याची डाळ घातलेला सांभार मसाला, यांचे काम चवीबरोबर रश्श्याला अंगचा दाटपणा देण्याचे आहे. ती पूड थंड पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून मगच उकळत्या रश्श्यात ओतावी आणि किमान दहा मिनिटे उकळू द्यावी. घाईने उतरवलेल्या येसर आमटीला पिठाची चव येते.

आणि काही गोष्टी कुटायच्याच नसतात. बांगड्याच्या तिखल्यात किंवा गोव्याच्या खतखत्यात पडणारे तिरफळ काळ्या बिया काढून, फक्त टरफले किंचित ठेचून, पदार्थ उतरवण्याआधी घालतात आणि वाढताना बाजूला काढतात. त्याची पूड करून मसाल्यात मिसळली तर साऱ्या मसाल्याला जीभ बधिर करणारा दर्प येतो.

प्रश्न (दापोली) : आमच्या परसात दालचिनीचे झाड आहे. त्याची साल आणि पाने मसाल्यात वापरता येतील का?

अवश्य वापरावीत. तुमच्याच गावच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात दिली आहे आणि त्या भागातली बरीच झाडे तिचीच आहेत. बाजारात मिळणारी जाड, कडक, गडद साल बहुधा कॅशिया या दालचिनीच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडाची असते. तुमची साल पातळ, नाजूक आणि गोडसर निघेल. तिचा वास सौम्य असल्याने वर दिलेल्या प्रमाणात 15 ग्रॅमच्या जागी 20 ग्रॅम घ्यावी आणि ती न भाजता, नुसती कडक उन्हात वाळवून दळावी. साल पावसाळ्यानंतर, झाडात रस असताना दोन-अडीच वर्षांच्या फांद्यांची काढावी, ती सहज सुटते. पाने सावलीत वाळवून कोकणात तमालपत्राच्या जागी वापरतातच. त्यांना लवंगेचा वास अधिक असतो, म्हणून ती घालाल तेव्हा लवंग थोडी कमी करावी.

प्रश्न (सांगली) : हळकुंडे घरच्या मिक्सरमध्ये दळू पाहिली तर पाते तुटले. मिक्सरशिवाय घरी करण्याचा मार्ग आहे का?

अख्खे हळकुंड मिक्सरला झेपत नाही. ते आधी दोन दिवस उन्हात तापवून, खलबत्त्यात किंवा जाड फडक्यात गुंडाळून हातोडीने तुकडे करावेत आणि हे तुकडे डंकावर कुटून आणावेत. मसाल्यापुरती पन्नास-शंभर ग्रॅम हळद हवी असेल तर तुकडे खलबत्त्यातच भरड कुटून नंतर मिक्सरला लावावेत आणि वस्त्रगाळ करून वरची भरड पुन्हा फिरवावी. तुमच्याकडची राजापुरी हळद मसाल्याला पुरेशी आहे. अधिक पिवळी दिसते म्हणून झिलई केलेली हळकुंडे घेऊ नयेत, मोडल्यावर आतला रंग नारिंगी निघतो की नाही एवढे पाहावे.